भोपळ्याला पहिलं बक्षीस

हल्ली बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या माणसाला शेत बघायचं असेल तर आधी बुकिंग करावं लागतं. कर्जत-मुरबाडकडचं एखादं कृषी पर्यटन केंद्र शोधायचं, माणशी पैसे भरायचे, मुलांचं अर्धं तिकीट चालेल का यावर घासाघीस करायची आणि शनिवारी पहाटे निघायचं. पोचल्या पोचल्या फेटे बांधतात. मग मिसळ. मग बैलगाडीतून एक फेरी. दुपारी चुलीवरचं जेवण, त्यात पिठलं, भाकरी आणि ठेचा हे ठरलेलंच. पावसाळा असेल तर भातलावणी, हिवाळा असेल तर हुरडा. भातलावणीचा अनुभव साधारण अर्धा तास टिकतो, कारण पुढे कंबर बोलायला लागते. चिखलात उतरलेली मंडळी बांधावरच्या मंडळींना सारखी विचारत असतात, “अरे, काढतोयस ना?” बैल मात्र कशानेही विचलित होत नाही. पोती ओढण्यापेक्षा माणसं ओढणं सोपं, आणि वर पोरांच्या हातची केळी मिळतात, हे त्याला केव्हाच कळलेलं असतं.

मीही असा फेटा बांधून घेतलेला आहे, तेव्हा हसायचं तर स्वतःसकट. पण परतीच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत अडकलं की मनात येतं, ज्या सोसायटीत आपण परत चाललोय तिच्या पार्किंगच्या जागेत शंभर वर्षांपूर्वी हाच कार्यक्रम रोज चालायचा. प्रवेश विनामूल्य. फक्त अर्ध्या तासाने थांबायची सोय नव्हती.

त्या काळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांना मुंबई म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. ही साष्टी, ठाणे जिल्ह्यातला एक तालुका. १९२० साली दक्षिण साष्टीची ८४ गावं वेगळी काढून मुंबई उपनगर जिल्हा झाला, पण तो कागदावर. गावं गावंच राहिली. मुंबई महापालिकेची हद्द अंधेरीपर्यंत यायला १९५० साल लागलं आणि दहिसर-मुलुंडला पोचायला १९५७. तोवर इथे भात पिकायचा. खाडीच्या कडेला मीठ पिकायचं. उंचवट्यावर आंबे, वाडीत भाजीपाला, बांधावर ताड आणि ताडावर चढलेला भंडारी. शिवाय गवत. गवताला हसू नका. मुंबईत ट्राम आली १८७४ साली, ती घोड्यांची; विजेची ट्राम धावायला १९०७ उजाडलं. ट्रामचे, व्हिक्टोरियांचे आणि साहेबांच्या बग्ग्यांचे घोडे खात होते ते मोठ्या प्रमाणावर ठाणे जिल्ह्यातलं गवत. आज उपनगरं शहराला सकाळी माणसं पुरवतात, तेव्हा घोड्यांचा नाश्ता पुरवायची. माल तेव्हाही रेल्वेने जायचा, आणि तेव्हाही कोंबूनच.

अशा गावात करमणुकीला काय होतं, असा प्रश्न पडतो. पहिली करमणूक रेल्वेच. घाटकोपर-मुलुंडच्या शेतांतून १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी गेली. पश्चिमेकडच्या मंडळींना लोकल गाडीसाठी चौदा वर्षं वाट बघावी लागली. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅकबेपर्यंत सकाळी एक गाडी जायची आणि संध्याकाळी एक परत यायची. चुकली की सरळ उद्या. त्या वेळच्या स्थानकांच्या यादीत बोरिवली ‘बेरेवाला’ आहे, अंधेरी ‘अंदारू’ आणि गोरेगाव ‘पहाडी’. विसावं शतक चांगलं अंगात भिनल्यावर, ५ जानेवारी १९२८ रोजी, कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. धूर नाही, इंजिन नाही, तरी पळते कशी, हे बघायला रुळांच्या दोन्ही बाजूंना गुराखी उभे राहिले असणार. त्याच वर्षी अंधेरीहून पूर्वेला थेट ट्रॉम्बेला जाणारी एक रेल्वेही निघाली आणि १९३४ मध्ये गुंडाळली गेली. त्यानंतर अंधेरीहून रुळांवरून पूर्वेला जायला आपल्याला ८ जून २०१४ पर्यंत थांबावं लागलं. मेट्रो सुरू झाली तेव्हा घाटकोपरची कुटुंबंच्या कुटुंबं, वर्सोव्यात कोणी ओळखीचं नसताना, वर्सोव्याला जाऊन आली. गाडी बघायला जाण्याची ही आमची जुनीच खोड आहे.

मग विमान. १९२८ साली जुहूला विमानांसाठी मैदान झालं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या विमानातून तिथेच उतरले. भारताच्या हवाई वाहतुकीचा इतिहास या दिवसापासून सांगतात. जुहूच्या लोकांना मात्र त्या इतिहासाची दुसरी बाजू ठाऊक होती. पाऊस सुरू झाला की मैदानाचा चिखल व्हायचा आणि विमानसेवा बाडबिस्तरा घेऊन पुण्याला जायची. चार महिने चिखलात काय करायचं ते टाटांना माहीत नव्हतं, बाजूच्या भात लावणाऱ्याला बरोबर माहीत होतं.

आणि मग सिनेमा. तो तर गंमतीचा कळस. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. मालाड तेव्हा खेडं. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, छायालेखक योसेफ विर्शिंग जर्मन. या मंडळींनी १९३६ मध्ये ‘अछूत कन्या’ काढला, ज्यात एक खेडं आहे, रेल्वेचं फाटक आहे आणि फाटकवाल्याची मुलगी आहे. म्हणजे बघा: बाहेर खरं खेडं, त्याला लागून खरी रेल्वे, त्या रेल्वेला खरं फाटक, आणि आत भिंतीपलीकडे जर्मन साहेब दिव्यांच्या उजेडात खोटं खेडं उभं करतायत. मालाडच्या एखाद्या म्हाताऱ्याने कुंपणातून डोकावून पाहिलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बहुधा त्याने झोपडीच्या शाकारणीत चूक काढली असेल. अंधेरीत प्रकाश पिक्चर्स आली, पुढे गोरेगावात फिल्मिस्तान आली, आणि आमच्या भागातल्या माणसाला नटनट्या दिसण्याचं अप्रूप राहिलं नाही. आजही अंधेरीचा रिक्षावाला मागे कोण बसलंय हे आरशात एकदा बघतो आणि गाडी तेवढ्याच रागाने हाकतो.

सांगायचं ते हे, की साष्टीच्या गावकऱ्याला शहर बघायला शहरात जावं लागलंच नाही. शहर आपली एकेक नवलाई घेऊन त्याच्या शेताच्या कडेला खेळ करायला आलं. तो बघणारा होता आणि शहर हा तमाशा होता. पुढे जागा बदलल्या. आता शेतकरी फेटा बांधून उभा असतो आणि आम्ही तिकीट काढून बघतो.

साष्टीचा गावकरी बघण्यात कमी नव्हता, स्वतःच्या करमणुकीत तर मुळीच नव्हता. डोंगराकडच्या पाड्यांवर वारल्यांचा तारपा वाजायचा. किनाऱ्याकडच्या गावठाणांत ख्रिस्ती मंडळी लग्नात घुमट वाजवायची, आगऱ्यांकडे धवलारीण लग्न लावायची. यातलं काहीच ‘कार्यक्रम’ या नावाखाली होत नसे, त्यामुळे कोणी मध्येच उठून जायचा प्रश्न नव्हता.

सरकारला मात्र वाटायचं, शेतकऱ्याने बघायचं तर शेतीच बघावी. नुसतं सरकारलाच नव्हे, देशभक्तांनाही. डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून औद्योगिक आणि शेतकी प्रदर्शन होतं. गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन त्याच्या उद्घाटनाला आले. त्याच्या कितीतरी आधी, १८३० साली, मुंबईत बागाईत-शेतीची एक संस्था निघाली होती आणि तिच्याच उद्योगातून आजची राणीची बाग उगवली. पुण्यात १९२६ साली मोठं शेतकी प्रदर्शन भरलं. शेतीखात्याचे त्या वेळचे मुख्य डॉ. हॅरॉल्ड मान हे खरोखर शेतात फिरणारे गृहस्थ. पुण्याजवळच्या एका खेड्याची, म्हणजे पिंपळे सौदागरची, घर न् घर पाहणी करून त्यांनी १९१७ साली पुस्तक लिहिलं. त्या पिंपळे सौदागरात आज एक गुंठा जमीन घ्यायची तर डॉ. मानसाहेबांना आयुष्याची पेन्शन पुरली नसती.

प्रदर्शन म्हटलं की मला आधी भोपळा दिसतो. जगातल्या कुठल्याही शेतकी प्रदर्शनात एक अवाढव्य भोपळा असतो आणि त्याला पहिलं बक्षीस असतं. गाईचं बक्षीस समजू शकतं. तिचं दूध मोजता येतं, शिंगं बघता येतात, वंशावळ सांगता येते. भोपळ्याचं काय बघतात? परीक्षक त्याच्याभोवती फिरतात, बोटाने टिचकी मारतात, आवाज ऐकतात आणि गंभीर चेहऱ्याने वहीत काहीतरी लिहितात. एवढ्या मोठ्या भोपळ्याची भाजी बेचव होते हे त्यांच्या बायकांना ठाऊक असतं, पण त्यांना परीक्षक म्हणून बोलावलेलं नसतं. बघायला आलेला शेतकरी बक्षिसाच्या चिठ्ठीकडे ढुंकूनही बघत नाही. तो एकच विचारतो, “खत काय घातलं?” आणि उत्तर मिळालं की त्यावर विश्वास ठेवत नाही.

हा अविश्वास फार आदरणीय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकऱ्यांचं म्हणणं पडलं की लोखंडाने जमिनीला विष चढेल. पहिले नांगर खपता खपता दोन वर्षं गेली. आपण आज हसतो. पण बैलजोडी, बी आणि सावकार यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाने, कोणी कोट घातलेला गृहस्थ सांगतो म्हणून पिढ्यांचा लाकडी नांगर फेकून द्यावा का? फोनचं अपडेट आलं तर आपण आठ दिवस ‘नंतर आठवण करा’ दाबत बसतो. तो तर नांगर होता. नांगर अखेर खपले, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि मग कंपनीनेच १९२० पासून मासिक काढलं. शेतकऱ्याला लोखंड पटवण्यापेक्षा मराठी माणसाला वर्गणीदार करणं सोपं की अवघड, याचा हिशेब त्यांच्याकडेच असेल.

माझ्या मते आपल्याकडचं सर्वांत यशस्वी शेतकी प्रदर्शन कुठल्याच मांडवात भरलं नाही. दादासाहेब फाळक्यांना चित्रपट काढायचा होता आणि भांडवल नव्हतं. त्यांनी १९१२ साली काय केलं, तर वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेऱ्यापुढे ठेवून त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, वेल डुलत वाढली, आणि बघणाऱ्याने पैसे काढले. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. भारतीय सिनेमाचं पहिलं भांडवल वाटाण्यावर उचललेलं कर्ज आहे, ही गोष्ट शेतीखात्याने मोठ्या अक्षरांत लावायला हवी. पीककर्ज म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

याच्या बरोबर उलट टोकाला साष्टीचं स्वतःचं प्रदर्शन आहे, आणि ते अजून भरतं. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींचा आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची कापलेली कणसं वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, दाणे घरोघर वाटले जातात. याच सुमाराला हिंदू घरांत दसऱ्याला किंवा नव्याच्या पुनवेला दारावर नवं बांधतात. देव वेगळे, लोंबी एकच. या प्रदर्शनात परीक्षक नाही, पहिला नंबर नाही, आणि पिकाला नंबर देण्याची कल्पनाच कोणाला सुचलेली नाही. जे आलं ते आलं. गैरसोय एवढीच, की अंधेरी-मरोळसारख्या भागात आता भाताचं शेत कुठून आणायचं? तेव्हा कणसं बाहेरून येतात, आणि मिरवणूक मात्र त्याच रस्त्याने निघते. मागे अडकलेला मोटारवाला हॉर्न वाजवतो. बँडवाले जास्त जोरात वाजवतात.

आता खरेदी. इथे मला जरा ऐसपैस बसू द्या.

गावातली रोजची खरेदी दारावर यायची. कासार यायचा, कल्हईवाला यायचा, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. नाक्यावर वाण्याचं दुकान, दुकानात उधारीची वही, आणि वहीत सगळ्या गावाचं चरित्र. मोठी खरेदी असेल तर मुंबईला जायचं. भाजीची पाटी घेऊन क्रॉफर्ड मार्केटात उतरायचं, पाटी रिकामी करायची आणि येताना लग्नाचं कापड घेऊन यायचं. क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली बांधून झालं. त्याच्या दारांवर लॉकवुड किपलिंगने शेतकऱ्यांची शिल्पं कोरलेली आहेत. डोक्यावर पाटी घेतलेला जिवंत शेतकरी दगडी शेतकऱ्याच्या खालून आत शिरायचा. दगडातल्याची तब्येत सुधारलेली दिसते, याच्याकडे बघून तसं म्हणवत नसे. आज त्या मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाचं नाव शेतमालाच्या बाजाराला देणं हे फार कमी सरकारी नामकरणांपैकी एक आहे, जे विचार करून केल्यासारखं वाटतं.

पण खरेदीचा खरा आनंद जत्रेत. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा ८ सप्टेंबरच्या पुढे आठवडाभर चालते, आणि साष्टीतली सगळ्या धर्मांची माणसं तिला जातात. आजचं देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, १९०४ सालची. तिथे मेणाचे हात, पाय, डोळे, बाहुल्या विकत मिळतात. ज्याचं जे दुखत असेल ते मावलीला वाहायचं. आता मेणाची घरं आणि विमानंही मिळतात. दुखणी बदलली. गुडघा बरा होईल एकवेळ, पण अंधेरीत वन बीएचके? मढजवळ एरंगळची जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरते. तिथलं चर्च १५७५ सालचं, समोर समुद्र, आणि पूर्वी माणसं कुटुंबकबिला घेऊन, भांड्याकुंड्यांसकट मुक्कामाला यायची. जत्रेतल्या खरेदीचा नियम असा, की जी वस्तू घरी नेल्यावर लगेच निरुपयोगी ठरते तिच्यावरच सगळ्यात जास्त घासाघीस करायची. पिपाणी वांद्रे स्टेशन येईपर्यंत वाजते. पुढे ती पोराच्या हातातून काढून घ्यावी लागते, आणि डब्यातले सगळे जण मनातून तुम्हाला दुवा देतात.

आणि या सगळ्यांवर मात करणारी आगोटीची खरेदी. मृग लागायच्या आधी चार महिन्यांची बेगमी करायची, कारण एकदा पाऊस धरला की ओढे-खाजणं भरून गावं तुटायची, होड्या किनाऱ्यावर चढायच्या आणि ताजी मासळी दिसेनाशी व्हायची. तांदूळ, डाळी, मीठ, कांदे, गोवऱ्या, लाकूडफाटा, वर शाकारायला पेंढा, डोक्यावर घ्यायला इरलं. ईस्ट इंडियन घरांत मसाला कुटायच्या बायका यायच्या. मिरच्या भाजण्यापासून सुरुवात, मग लाकडी उखळीत मुसळांचा ठेका, आणि तयार मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा. बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा याहून सात्त्विक उपयोग दुसऱ्या कोणत्या समाजाने केला असेल असं वाटत नाही. वर्षभराची शिंक आणि वर्षभराचं जेवण एकाच दिवशी तयार होत असे.

आगोटीतली मुख्य वस्तू म्हणजे सुकी मासळी, आणि तिच्यासाठी मरोळचा बाजार. हा बाजार आजही भरतो. आजूबाजूला विमानतळ आहे, मेट्रो आहे, काचेच्या इमारती आहेत, आणि मध्येच सुकट, जवळा, सोडे, वाकट्या आणि काठीसारखे कडक बोंबील यांचे ढीग घालून कोळणी बसलेल्या आहेत. काचेच्या इमारतींना खिडक्या उघडता येत नाहीत हे मी इतर वेळी वास्तुशास्त्राचं दुर्दैव मानतो, मरोळमध्ये ती दूरदृष्टी वाटते. इथे भाव विचारायची एक रीत आहे, आणि ती मला अजून जमलेली नाही.

“मावशी, सोडे कसे दिले?”

“भाव नंतर. आधी वास घे.”

मी वास घेतला. सगळ्या बाजाराला तोच वास असताना त्या मुठीचा वेगळा वास कसा घ्यायचा हे कळत नव्हतं, पण मान डोलावली.

“कुठला तू, दादा?”

“मुलुंड.”

“मुलुंडचा,” तिने शेजारणीला सांगितलं, आणि दोघी ज्या समजूतदारपणे हसल्या त्यावरून भाव वाढला हे माझ्या लक्षात आलं. मी तेवढ्यालाच घेतले. घासाघीस करायला माल ओळखता यावा लागतो. नाहीतर ती नुसती कटकट होते.

मुलुंडचा म्हणजे कोण, याचंही थोडं सांगतो. आमचं मुलुंड १९२२ च्या सुमाराला नकाशा काढून वसवलेलं गाव. झवेरभाई रामजींनी क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांकडून काटकोनातल्या रस्त्यांचा आराखडा करून घेतला. म्हणजे आम्हा मुलुंडकरांना हरवायचं झालं तरी काटकोनातच हरवावं लागतं. शेजारी मिठागरं, मागे डोंगर, आणि तरी मुलुंडच्या मुलाला शेतीची सगळी माहिती मिळाली ती दूरदर्शनवरून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि संध्याकाळी त्यावर ‘आमची माती, आमची माणसं’ लागायचं. चाळीत टीव्ही एखाद्याच घरी. पुढचा कार्यक्रम बघायला जागा मिळावी म्हणून आम्ही आधीपासून जाऊन बसायचो आणि नाइलाजाने कपाशीवरचा मावा, ज्वारीवरची खोडमाशी हे सगळं बघायचो. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत तुळशीशिवाय काही नाही, पण तुडतुडे दिसले तर काय फवारायचं ते पोरापोरांना पाठ. उसाला पाणी कधी द्यायचं यावरून आमच्यात एकदा वाद झाला होता. चाळीला पाणी कधी येतं हे मात्र कोणी खात्रीने सांगू शकत नसे.

त्या आधीच्या पिढीचं शेतकी प्रदर्शन म्हणजे आरे कॉलनी. शहरातल्या गोठ्यांमधल्या म्हशी बाहेर काढून १९४९ साली गोरेगावच्या डोंगरउतारावर ही वसाहत झाली. दारा खुरोडी हे तिचे कर्ते. १९५१ मध्ये पंडित नेहरू उद्घाटनाला आले आणि त्यांनी तिथे झाड लावलं. नंतर मुंबईची माणसं रविवारी आरेला सहलीला जाऊ लागली. कशाला, तर म्हशी बघायला. बगीचा होता, बाकं होती, थंड दुधाच्या बाटल्या होत्या, आणि सिनेमातली जोडपी झाडांभोवती फिरायची. पण मूळ आकर्षण म्हशीचं. आपल्या गावातून पोटासाठी शहरात आलेला माणूस, शहरातून हाकलून गावात नेलेली म्हैस बघायला, रेल्वेचं तिकीट काढून जातो, हे दृश्य मला फार आवडतं. एकमेकांकडे बघून दोघांनाही बरं वाटत असणार.

आता तर बाजारच उलट फिरून दारात आला आहे. संत सावता माळ्यांच्या नावाने सरकारने शेतकरी आठवडी बाजाराची योजना काढली आणि उपनगरांतल्या मैदानांत, शाळांच्या आवारांत, सोसायट्यांच्या फाटकांशी जुन्नर-नारायणगावचे शेतकरी टेंपो लावू लागले. आमच्याकडे तो आला की इमारतीत चैतन्य पसरतं. मॉलमध्ये शेंगदाण्याच्या पुडीवर छापलेली किंमत मुकाट्याने देणारे गृहस्थ इथे मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करायला वीस मिनिटं उभे राहतात. त्यांना पाच रुपयांचं काही नसतं. त्यांना शेतकऱ्याशी बोलायचं असतं, आणि दुसरा विषय माहीत नसतो. शेतकरीही ते ओळखून असतो. तो पाच रुपये आधीच वाढवून सांगतो, म्हणजे सगळ्यांचं समाधान होतं. एकदा त्याच्या टेंपोत खरोखरच मांडीवर मावणार नाही एवढा भोपळा होता. सोसायटीतल्या पोरांनी त्याच्यासोबत फोटो काढले. विकत कोणी घेतला नाही. संध्याकाळी त्याने तो चिरून फोडी विकल्या, आणि त्या पंधरा मिनिटांत संपल्या.

तेव्हा वाचकहो, फेटा बांधायला कर्जतला जरूर जा, पण त्याआधी हातातलं थोडं बघून घ्या. फेब्रुवारीत राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं आणि भाजीपाल्याचं प्रदर्शन असतं. फुलांच्या देखाव्यापुढे सेल्फीची रांग असते, भाजीपाल्यापुढे नसते, तिथे निवांत उभं राहता येतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जवळच्या गावठाणात आगेऱ्याची मिरवणूक दिसली तर हॉर्न वाजवू नका, गाडी बंद करून खाली उतरा. आणि मे महिन्यात मरोळला जाल तेव्हा बोंबलांसाठी वेगळी पिशवी न्या, आणि येताना लोकलमध्ये शक्यतो दारात उभे राहा.